एकाचा शोध आणि सर्वांचे स्वातंत्र्य

प्रत्येक मनुष्यास दोन गोष्टी हव्या असतात. रात्री दार लावल्यावर निर्धास्त झोप यावी ही एक. आणि ते दार आपल्या संमतीवाचून कोणी उघडू नये ही दुसरी. पहिलीस आपण सुरक्षितता म्हणतो व दुसरीस स्वातंत्र्य. एरवी या दोघी सख्ख्या बहिणींप्रमाणे एका घरात नांदतात. परंतु एखादा भयंकर गुन्हा घडावा, गुन्हेगार फरारी व्हावा, आणि पोलिसांची पथके त्याच्या मागावर निघावीत, की या दोघींत तंटा उभा राहतो. सुरक्षितता म्हणते, घरोघर झडती घ्या, रस्ते अडवा, ज्याचा संशय येईल त्यास धरा. स्वातंत्र्य म्हणते, गुन्हा एकाने केला; मग आम्हां सर्वांची दारे का ठोठावता?

'आरोपी फरारी, शोध चालू' अशी बातमी आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात वरचेवर येते. त्या बातमीत पळणारा असतो व पाठलाग करणारे असतात. परंतु ज्या वस्तीतून हा पाठलाग जातो, त्या वस्तीतील माणसांविषयी तीत बहुधा एक ओळही नसते. ती माणसे म्हणजे आपणच. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पूर्वी महाराष्ट्रातील गावोगावी चोरीचा माग काढण्याचे काम रामोशी, भिल्ल इत्यादी जागल्यांकडे असे. माग पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला, की जबाबदारी त्या गावावर पडे. त्या गावाने माग पुढे काढून द्यावा, नाही तर नुकसान भरून द्यावे, अशी वहिवाट होती. एकाच्या अपराधाचा भार गावाने उचलावा ही कल्पना येथे आहे खरी. परंतु त्या भारास मर्यादाही होती. नुकसान भरले की प्रकरण मिटे. जेव्हा सरकार बलाढ्य झाले व त्याच्या हाती पलटणी, तुरुंग आणि कायदे आले, तेव्हा या मर्यादेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे पुणे शहराची १८९७ सालची हकीकत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला व लवकरच पुण्यासही पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांविषयीचा कायदा केला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या हाती प्लेग-बंदोबस्ताची सूत्रे दिली. घरोघर जाऊन रोगी हुडकण्याचे काम गोऱ्या सोल्जरांकडे सोपविण्यात आले. हेतू लोकांचा जीव वाचविण्याचा होता, हे नाकारता येत नाही. परंतु अनोळखी सशस्त्र शिपाई माजघरात व देवघरात शिरत, सामानसुमान बाहेर काढीत, आणि रोग्यास कुटुंबापासून तोडून नेत. यामुळे लोकांस रोगाइतकेच भय बंदोबस्ताचे वाटू लागले. इस्पितळातील व्यवस्थेविषयी पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीनेही वृत्तपत्रातून उघड तक्रार केली. लोक रोगी लपवू लागले, आणि रोगी लपले म्हणजे साथ आटोक्यात येत नाही, हे उघडच आहे.

पुढे २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीतील समारंभाहून परतताना रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. मारणारे अंधारात निघून गेले. चापेकर बंधूंच्या त्या कृत्याचे मोल इतिहासाने आपापल्या परीने केले आहे. येथे आमचा प्रश्न एवढाच की, मारेकऱ्यांचा शोध सरकारने कसा केला.

सरकारने दोन वाटा एकदम धरल्या. पहिली वाट खऱ्या तपासाची. वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, आणि ब्रुइन नावाचा पोलीस अधिकारी शांतपणे माहिती जमवीत राहिला. दुसरी वाट शहरास धाक घालण्याची. पुण्यावर जादा पोलीस बसविण्यात आले व त्यांचा खर्च रहिवाशांच्या माथी मारण्यात आला. जुलैच्या अखेरीस सरदार नातू बंधूंस १८२७ सालच्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखाली पकडण्यात आले. या रेग्युलेशनाप्रमाणे सरकारास कोणाही मनुष्यास आरोप न ठेवता व खटला न चालविता अटकेत ठेवता येत असे. नातू बंधूंवर कोणत्याही न्यायालयात गुन्हा शाबीत झाला नाही. तरी त्यांची सुटका १८९९ साली झाली. त्याच सुमारास लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी त्यांस दोषी ठरविले व तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष ठरविले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी सांगण्यात आली.

आता फळ कोणत्या वाटेस आले ते पाहावे. ऑक्टोबर १८९७ च्या आरंभी दामोदर चापेकर पोलिसांच्या हाती असल्याचे जाहीर झाले, ते द्रवीड बंधूंकडून मिळालेल्या माहितीमुळे व ब्रुइनच्या तपासामुळे. जादा पोलिसांच्या पहाऱ्यामुळे नव्हे, नातू बंधूंच्या अटकेमुळे नव्हे, टिळकांच्या शिक्षेमुळेही नव्हे. बाळकृष्ण चापेकर सरहद्द ओलांडून निजामच्या मुलखात लपून राहिला होता (आपला जालना त्या काळी त्याच राज्यात होता). तोही पुढे सापडला. दामोदरास १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. फेब्रुवारी १८९९ मध्ये माहिती देणाऱ्या द्रवीड बंधूंचा खून झाला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव चापेकर, महादेव रानडे व बाळकृष्ण हे फासावर गेले.

या हकीकतीतून तीन गोष्टी आम्हांस स्पष्ट दिसतात. एक, सबंध शहरास दिलेल्या त्रासाचा मारेकरी सापडण्यास काडीचाही उपयोग झाला नाही. दोन, ज्यांच्यावर आरोपच नव्हता त्यांची सुमारे दोन वर्षे गेली, ती कोणी भरून दिली नाहीत. तीन, प्रसंग सरला तरी प्रसंगासाठी उगारलेली काठी खाली आली नाही. राजद्रोहाचे कलम १८९८ साली आणखी विस्तृत करण्यात आले, आणि ज्या दंडसंहितेत ते होते ती १ जुलै २०२४ पर्यंत अमलात राहिली. साथीचा १८९७ सालचा कायदा तर २०२० साली कोरोनाच्या वेळी पुन्हा उपयोगात आला. भीतीच्या घटकेत केलेला कायदा दीर्घायुषी असतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

याच प्रकरणातील एक गोष्ट नागरिकांनाही शिकविते. नामदार गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी सोल्जरांवर अत्यंत गंभीर आरोप प्रसिद्ध केले. स्वदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये जाहीर माफी मागितली. सरकारने पुराव्यावाचून मनुष्य धरू नये असे आपण म्हणतो, तर पुराव्यावाचून आपणही आरोप करू नये, हा त्यातील धडा होय.

परंतु यावरून कोणी असे समजू नये की, पोलिसांनी रस्ता अडविला म्हणजे लगेच स्वातंत्र्य बुडाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा गिरगाव चौपाटीजवळ पोलिसांनी नाकाबंदी केली होती. येणारी-जाणारी वाहने थांबवावी लागली; कित्येकांची गैरसोय झाली असेल. त्याच नाक्यावर हल्लेखोरांची मोटार अडली. हाती केवळ लाठी असलेले साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी बंदूकधाऱ्याची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली व स्वतःच्या अंगावर गोळ्या झेलून प्राण दिला. आणि तो बंदूकधारी जिवंत हाती लागला. ज्या हल्ल्यात १६६ माणसे मेली, त्यातील या आरोपीसही पुढे वकील मिळाला, खटला चालला, उच्च व सर्वोच्च न्यायालयात अपील झाले, आणि त्यानंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यास शिक्षेची अंमलबजावणी झाली. नाकाबंदी त्या रात्रीपुरती होती, धोका डोळ्यांसमोर होता, आणि पकडलेल्याचा निवाडा कायद्याने झाला. दोन्ही बहिणी एकत्र नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातील आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात स्फोट होऊन अनेक निरपराध माणसे मेली. गुन्हेगार लवकर सापडावेत असा चहूकडून रेटा होता. नऊ जणांस पकडण्यात आले. त्यांतील कित्येकांची पाच-पाच वर्षे तुरुंगात गेली. अखेर एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांस आरोपांतून मुक्त केले. तोवर त्यांपैकी एकजण हे जग सोडून गेला होता. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण हसत वापरतो. परंतु तीत दोन अनर्थ एकदम आहेत. संन्यासी नाहक मरतो हा एक, आणि चोर मोकळा राहतो हा दुसरा. निरपराध मनुष्य धरला की पोलिसांचा शोध तेथेच थांबतो. म्हणून निरपराध्याचे रक्षण करणारा नियम तपासाची वाट अडवीत नाही; तो तपासास चुकीच्या वाटेवरून माघारी आणतो. या लेखात आम्हांस मुख्यत्वे हेच सांगावयाचे आहे.

मग एखादा बंदोबस्त योग्य की अयोग्य हे ओळखावे कसे? आमच्या मते चार प्रश्न विचारावेत. पहिला, याला कायद्याचा आधार आहे काय, की केवळ कोणा अधिकाऱ्याची मर्जी आहे? दुसरा, याने गुन्हेगार सापडण्याचा काही संभव आहे काय, की नुसता दरारा बसावयाचा आहे? तिसरा, याचा रोख संशयित मनुष्यावर आहे, की त्याच्या सबंध जातीवर, धर्मावर किंवा गावावर? चौथा, याला मुदत आहे काय, आणि चूक झाल्यास जाब विचारता येतो काय? पुण्यातील जादा पोलिसांस हे प्रश्न लावून पाहावेत व गिरगावच्या नाक्यासही लावून पाहावेत, म्हणजे भेद तत्काळ कळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगी आयुष्याचा हक्क हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा त्यावर घातलेली बंधने पारखण्यासाठी कायदा, योग्य हेतू व प्रमाण यांच्याच कसोट्या सांगितल्या आहेत.

आता आपल्या घरापुरते कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आहे. ज्यास अटक करावयाची तो मनुष्य एखाद्या घरात शिरला आहे असे पोलिसांस सकारण वाटले, तर घरमालकाने त्यांस आत येऊ दिले पाहिजे. न दिल्यास, आपण कोण व कशासाठी आलो हे सांगून व प्रवेश मागून, मग त्यांस दार तोडताही येते. तेव्हा हट्टाने दार अडवून धरणे हे स्वातंत्र्य नव्हे. परंतु झडतीच्या वेळी वस्तीतील दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित पंच हजर पाहिजेत, जप्त केलेल्या वस्तूंची यादी झाली पाहिजे, तिची प्रत घरच्या माणसास मिळाली पाहिजे, आणि आता तर झडतीचे चित्रमुद्रणही झाले पाहिजे. कोणास अटक केली तर कारण सांगावे लागते, नातेवाइकास किंवा मित्रास कळवावे लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यास मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. यातील कारण सांगण्याचा, वकिलाच्या सल्ल्याचा व चोवीस तासांचा नियम तर संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे. स्त्रीस सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करावयाची नसते. अपवादाच्या प्रसंगी करावी लागल्यास मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी व महिला पोलीस अधिकारी लागते.

विद्यार्थ्यांशी निकट संबंध असलेले दोन नियम विशेष ध्यानात ठेवावेत. पंधरा वर्षांखालील मुलगा, साठ वर्षांवरील वृद्ध किंवा कोणतीही स्त्री यांस साक्षीदार म्हणून विचारपूस करण्यासाठी पोलीस ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. ती ते राहतात तेथेच करावयाची असते. आणि अठरा वर्षांखालील बालकावर आरोप असला, तरी त्यास पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २०१५ च्या कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते.

जो फरारी राहील त्याच्यासाठीही कायद्याने रीत घालून दिली आहे. न्यायालय जाहीरनामा काढून त्यास हजर होण्यास निदान तीस दिवसांची मुदत देते. तो जाहीरनामा त्याच्या गावी सर्वांदेखत वाचला जातो व घरावर डकविला जातो. पुढे मालमत्ता जप्त होते, पण ती त्याची. भावाचे शेत किंवा शेजाऱ्याची म्हैस नव्हे. ज्यास आपण गुन्हेगार म्हणून ओळखतो त्यास शिक्षेपासून वाचविण्यासाठी लपविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र पतीने पत्नीस वा पत्नीने पतीस आसरा दिला, तर कायदा त्यास या गुन्ह्यात धरीत नाही. कायदा करणाऱ्यांनी मनुष्याच्या हृदयाचाही विचार केला आहे, हे यावरून दिसते.

येथवर आम्ही सरकारविषयी बोललो. परंतु फरारी मनुष्याचा शोध लोकही करू लागतात, आणि तो शोध पोलिसांच्या शोधाहूनही भयंकर होऊ शकतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा मोबाईलवरील अफवेवरून, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस जमावाने ठार मारले. तेथे ना पंच होते, ना चोवीस तासांची मुदत, ना मॅजिस्ट्रेट. मेलेल्यांनी एकाही मुलास पळविलेले नव्हते. परका पोशाख व परकी बोली एवढ्याच पुराव्यावर शिक्षा झाली.

या अविश्वासाचे मूळ जुने आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने कित्येक जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला व पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा समाजांची कुटुंबेच्या कुटुंबे सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या कुंपणात हजेरी देत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला; परंतु मनातील कायदा रद्द झाला काय? गावात चोरी झाली की शिवेबाहेरच्या पालांकडे पहिले बोट अजूनही कोणाकोणाचे जाते. त्या पालांतील मुले आज मराठवाड्यातील शाळांतून शिकत आहेत. आपल्या शेजारच्या बाकावरील मुलास, रात्री गावात काही घडले की सकाळी आपल्या बापास नेतील ही धास्ती वाटत असेल, तर त्याची सुरक्षितता कोणी हिरावली? सुरक्षितता सर्वांचीच असावी लागते. एकाची झोप मोडून दुसऱ्यास दिलेल्या झोपेस ते नाव शोभत नाही.

परदेशातील एक उदाहरण देऊन विषय आटोपता घेतो. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरी धावण्याच्या शर्यतीच्या वेळी स्फोट झाले. १९ एप्रिल रोजी, पळालेला दुसरा संशयित सापडेपर्यंत, बॉस्टन व आसपासच्या गावांतील लोकांस घराबाहेर पडू नये अशी विनंती करण्यात आली. रस्ते ओस पडले, सशस्त्र पोलीस घरोघर फिरले; दिवसभर कोणी सापडले नाही. सायंकाळी विनंती मागे घेण्यात आली. त्यानंतर थोड्याच वेळात एक गृहस्थ आपल्या परसात गेला, तेव्हा तेथे ठेवलेल्या नावेवरील आच्छादन हललेले त्यास दिसले. त्याने पाहिले, मागे सरला व पोलिसांस कळविले. संशयित तेथेच सापडला. त्या गृहस्थाने स्वतः हात उचलला नाही, आरडाओरड करून जमाव जमविला नाही. त्याच दिवसांत इंटरनेटवर मात्र हौशी शोधकांनी एका निरपराध विद्यार्थ्याचे नाव संशयित म्हणून पसरविले होते. एकच प्रसंग, आणि नागरिकाच्या वर्तनाचे हे दोन नमुने!

आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस पहिला नमुना घेण्यास सांगतो. काही संशयास्पद दिसले तर वडीलमाणसांस सांगावे व ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. जे पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव त्यात मिसळू नये. आलेला संदेश खरा की खोटा हे कळल्यावाचून पुढे पाठवू नये. पोलीस दाराशी आले तर सभ्यपणे बोलावे, खरे सांगावे आणि तितक्याच सभ्यपणे पंच व यादी मागावी. त्यात उद्धटपणा नाही. पालकांसही विनंती की, मुलांस पोलिसांचा बागुलबुवा दाखवू नये. ज्याची भीती वाटते त्यास मूल संकटसमयी हाक मारीत नाही.

विश्वास असला म्हणजे बातमी मिळते, आणि बातमी मिळाली म्हणजे गुन्हेगार सापडतो. पुण्यातही माग लागला तो माहितीने, आणि बॉस्टनमध्येही संशयित सापडला तो एका नागरिकाच्या खबरेने. हा विश्वास पोलिसांनी कायद्याच्या मर्यादेत राहून मिळवावयाचा असतो, व नागरिकांनी सत्य सांगून राखावयाचा असतो. उद्या याच बाकांवरून उठून कोणी पोलीस होईल, कोणी वकील, कोणी न्यायाधीश, कोणी पत्रकार. फरारी मनुष्याच्या मागे धावताना वाटेत कोणाकोणाची घरे लागतात, याचे भान त्यांनी तेव्हा ठेवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.